विमानाचा सातबारा

आमच्याकडे एम.ए.च्या विद्यार्थ्यांना व्यावहारिक अनुवादाचा तास असतो. जाहिराती, करारनामे, औषधांच्या वेष्टनांवरील सूचना असा मजकूर मुलांनी आणायचा आणि त्याचे मराठी करायचे, असा त्या तासाचा परिपाठ आहे. मागील सत्रात एका विद्यार्थ्याने अमेरिकेतील एका खाजगी जेट विमानाच्या विक्रीची जाहिरात आणली. विमान 'सुपर-मिडसाइझ' वर्गातील आणि 'प्री-ओन्ड' होते. पहिल्या शब्दावर मुले फारशी अडली नाहीत; दुसऱ्यावर मात्र तास संपला तरी एकमत होईना. कोणी 'पूर्वस्वामित्वाचे' म्हटले, कोणी 'वापरलेले', तर एका मुलीने 'पूर्वाश्रमीचे' असा शब्द सुचवला. शब्द देखणा खरा. पण पूर्वाश्रमीचे विमान म्हणजे आता विमान राहिलेले नाही अशी वस्तू, हे लक्षात आल्यावर वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून एकाने शांतपणे विचारले, "सर, जुने म्हटले तर काय बिघडते?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही दोघे, म्हणजे प्रस्तुत लेखाचे लेखक, जुन्या विमानांच्या खरेदीविक्रीच्या इतिहासात जाऊन पडलो. आमच्या वेतनाचा आणि या विषयाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही सांगण्याजोगे बरेच हाती लागले आणि त्याचा साहित्याच्या अभ्यासकाशी असलेला संबंध आम्हांस अनपेक्षित होता. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी वर्गाविषयी. 'सुपर-मिडसाइझ' ही कायद्याने ठरवलेली श्रेणी नव्हे. ती व्यापाऱ्यांची परिभाषा आहे. आठ-नऊ प्रवाशांची बैठक, सहा फुटांच्या आसपास उंचीची, म्हणजे बहुतेकांना उभे राहता येईल अशी केबिन आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यापर्यंत, हिवाळ्यातील वारे समोरून येत असतानाही, वाटेत न उतरता जाण्याची क्षमता, एवढी या वर्गाची ढोबळ लक्षणे. आपल्या समीक्षेत 'दीर्घकथा' हा प्रकार जसा कथा आणि कादंबरी यांच्या मधल्या जागेत उभा राहिला, तसाच हा वर्ग मध्यम आणि मोठ्या विमानांच्या मधल्या पोकळीत १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आकारास आला. इस्रायलचे गॅलेक्सी २५ डिसेंबर १९९७ रोजी प्रथम उडाले. बाँबार्डिए कंपनीने १९९९ साली ज्याची घोषणा केली ते चॅलेंजर-३०० ऑगस्ट २००१ मध्ये उडाले आणि २००४ पासून ग्राहकांच्या सेवेत आले. कॅन्सस राज्यातील विचिटा येथे रेथिऑन कंपनी याच वर्गासाठी हॉकर होरायझन बांधत होती. त्याची कथा पुढे सविस्तर येईल.

पण या वर्गाची वंशावळ चार दशके मागे जाते. लॉकहीडचे जेटस्टार १९५७ साली उडाले. त्यापाठोपाठ अवघ्या चौदा महिन्यांत चार विमानांनी प्रथम आकाश पाहिले: ऑगस्ट १९६२ मध्ये इंग्लंडातील डी हॅविलंड-१२५, जानेवारी १९६३ मध्ये अमेरिकेतील जेट कमांडर, त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्समधील मिस्तेर-२०, जे पुढे फाल्कन म्हणून ओळखले गेले आणि ऑक्टोबरमध्ये बिल लिअर यांचे लिअरजेट. आज बाजारात जुने म्हणून विकले जाणारे जवळजवळ प्रत्येक विमान यांपैकी कोणत्या ना कोणत्या घराण्याशी नाते सांगते किंवा त्या घराण्यांशी स्पर्धा करण्यासाठी जन्मलेले असते.

यांतील जेट कमांडरचा प्रवास तर एखाद्या लोककथेच्या प्रवासासारखा आहे. १९६७ साली रॉकवेल-स्टँडर्ड आणि नॉर्थ अमेरिकन या दोन कंपन्या एकत्र आल्या. एकीकडे जेट कमांडर होते, दुसरीकडे सेबरलायनर. एकाच छपराखाली दोन स्पर्धक जेट विमाने ठेवणे अमेरिकेच्या मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे टिकणारे नव्हते, म्हणून जेट कमांडरचे सर्व हक्क विकावे लागले. ते घेतले इस्रायल एअरक्राफ्ट इंडस्ट्रीजने. तिथे त्याचे वेस्टविंड झाले, वेस्टविंडमधून १९८४ साली ॲस्ट्रा निघाले आणि ॲस्ट्रामधून गॅलेक्सी. २००१ साली गॅलेक्सीचा व्यवसाय अमेरिकेच्या गल्फस्ट्रीमने, म्हणजे तिच्या मूळ कंपनी जनरल डायनॅमिक्सने घेतला आणि विमानाचे नाव जी-२०० झाले. अमेरिकेत जन्मलेले बीज देशांतर करून, रूप पालटून, चौतीस वर्षांनी नव्या नावाने माहेरी आले. आज कोणी जुने जी-२०० विकत घेतो तेव्हा त्याच्या हाती ही सगळी परंपरा येते. सुटे भाग कोणाकडून मागवायचे इथपासून तिचा व्यावहारिक परिणाम जाणवतो.

आता जुन्या बाजाराकडे वळू. जुन्या जेट विमानांचा व्यापार हा नव्यांच्या व्यापाराचा दुय्यम, काहीसा ओशाळवाणा भाऊ, अशी आमची समजूत होती. ती खरी नव्हे. फ्रेडरिक स्मिथ या तरुणाने आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथील विमानदेखभालीची एक छोटी कंपनी ताब्यात घेतली आणि तिला जुन्या जेट विमानांच्या खरेदीविक्रीकडे वळवले. त्या व्यापारात वावरताना त्याच्या डोक्यात पाकिटे रातोरात पोचवण्याची योजना पक्की होत गेली आणि १७ एप्रिल १९७३ रोजी मेंफिसहून १४ फाल्कन विमानांनिशी फेडरल एक्स्प्रेस सुरू झाली. अधिकाऱ्यांनी मऊ आसनांवर बसून जावे म्हणून घडवलेली विमाने पाकिटे वाहू लागली. त्यांतील 'वेंडी' नावाचे फाल्कन आज वॉशिंग्टनजवळ स्मिथसोनियनच्या संग्रहालयात उभे आहे.

दुसरा प्रसंग वाङ्मयीन म्हणावा असा आहे. वॉरन बफे हे आपल्या भागधारकांना दरवर्षी जे पत्र लिहीत, त्याचा आर्थिक लेखनातील एक शैलीदार वाङ्मयप्रकार म्हणून अभ्यास व्हावा असे आम्हांस वाटते. कंपन्यांच्या खाजगी विमानांवर त्यांनी आधी पुष्कळ कोरडे ओढले होते. १९८६ सालच्या पत्रात मात्र, आपण एक जुने जेट साडेआठ लाख डॉलरला घेतल्याची कबुली त्यांना द्यावी लागली आणि ती देताना त्यांनी स्वतःची तुलना मत बदलावे लागलेल्या गॅलिलिओशी केली. नवे दीड कोटीचे विमान बाळगण्याचा वार्षिक खर्च आणि जुन्याचा खर्च यांचा हिशेबही त्यांनी मांडला. तीन वर्षांनी ते विकून त्यांनी ६७ लाख डॉलरचे दुसरे जुने विमान घेतले आणि त्याचे नाव ठेवले 'द इन्डिफेन्सिबल', म्हणजे ज्याचे समर्थन करता येत नाही ते. पुढे १९९८ साली त्यांच्या कंपनीने विमानांतील हिस्से विकणारी नेटजेट्स ही कंपनीच विकत घेतली. या हिस्सेदारीची कल्पना रिचर्ड सँटुली यांनी १९८६ सालीच अमलात आणली होती. काही वर्षे हिस्सेदारांना फिरवून झाल्यावर अशा कंपन्यांची विमाने बाजारात येतात. सुपर-मिडसाइझ वर्गातील जुन्या मालाचा हा एक मोठा स्रोत आहे.

'समर्थन करता येत नाही' हे नाव विनोदाने ठेवलेले असले, तरी त्यातील प्रश्न खरा होता आणि तो नोव्हेंबर २००८ मध्ये चव्हाट्यावर आला. मंदीच्या तडाख्यात सापडलेल्या तीन अमेरिकन मोटार कंपन्यांचे प्रमुख सरकारी मदत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले, ते आपापल्या कंपनीच्या जेट विमानांनी. संसदेच्या समितीपुढे त्यांना यावरून जे ऐकून घ्यावे लागले, ते जगभर दाखवले गेले. डिसेंबरमध्ये ते पुन्हा आले तेव्हा मोटारींनी आले. त्यानंतर कंपन्यांनी विमाने विकायला काढली, ग्राहक नव्हते आणि किमती कोसळल्या. १२ वर्षांनी करोनाच्या साथीत चक्र उलटे फिरले: प्रवासी विमाने टाळू पाहणाऱ्या श्रीमंतांनी जुनी जेट विमाने इतक्या झपाट्याने उचलली की २०२१-२२ मध्ये बाजारात चांगले विमान मिळेनासे झाले. त्यात करकायद्याची भर होती. अमेरिकेने २०१७ साली केलेल्या दुरुस्तीने व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी वजा करण्याची सवलत प्रथमच जुन्या वस्तूंनाही दिली. २०२३ पासून ती टप्प्याटप्प्याने आटत गेली आणि २०२५ च्या कायद्याने पुन्हा पूर्ण झाली. तेव्हा जुन्या विमानाची किंमत ही त्याच्या पंखांइतकीच संसदेच्या राजपत्रातही दडलेली असते.

इथवरचा भाग कोणत्याही व्यापारी मासिकात सापडेल. आमची उत्सुकता चाळवली ती खरेदीची रीत वाचताना. तिथे आम्हांस आमच्या गावाकडचा तलाठी आणि आमच्या विद्यापीठातला पाठचिकित्सेचा तास, दोन्ही एकदम भेटले.

खरेदीची सुरुवात विसार देण्याने होते. घेणारा आणि विकणारा दोघांना मान्य अशा त्रयस्थ संस्थेकडे तो ठेवला जातो. अशा संस्था मुख्यतः ओक्लाहोमा सिटी येथे आहेत, कारण अमेरिकेतील यच्चयावत नागरी विमानांची नोंदणी तिथे होते. मग विमानाचा शोध सुरू होतो, म्हणजे त्याच्या कागदांचा. आपल्याकडे जमीन घेताना सातबारा पाहतात, फेरफार काढतात, इतर हक्कांच्या रकान्यात कोणा सोसायटीचा वा बँकेचा बोजा आहे का ते तपासतात. विमानाचेही नेमके हेच आहे. पहिल्या विक्रीपासून आजपर्यंतच्या खरेदीखतांची साखळी अखंड हवी. मधल्या एखाद्या मालकाने कर्ज फेडले, पण बोजा उतरवल्याचा कागद दाखल केला नाही, तर वीस वर्षांनंतरचा व्यवहारही त्याच्यापाशी येऊन अडतो.

या कागदांना एवढे महत्त्व का, हे एका खटल्याने फार स्पष्ट केले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली निकालात काढलेला 'फिल्को एव्हिएशन विरुद्ध शॅकेट' हा तो खटला. १९७८ साली इलिनॉय राज्यातील एका विमानतळावर एका दांपत्याने नवे विमान घेतले, पूर्ण पैसे दिले आणि विमान ताब्यात घेतले. विक्रेत्याने खरेदीखतांच्या मूळ प्रती न देता छायाप्रती दिल्या आणि नोंदणीचे मी बघतो असा शब्द दिला. पुढे त्याने तेच विमान फिल्को कंपनीला विकले. विमान दुसरीकडे उपकरणे बसवण्यासाठी गेले आहे, असे सांगून त्याने मूळ खरेदीखते तिच्या हवाली केली. फिल्कोच्या बँकेने ती नोंदवूनही टाकली. एकाकडे विमान आणि नकला, दुसऱ्याकडे विमान नाही पण अस्सल कागद. खरे विमान कोणाचे? न्यायालयाने सांगितले की विमानाचे हस्तांतर लेखी असले पाहिजे आणि ते नोंदवल्याशिवाय त्याची माहिती नसलेल्या त्रयस्थावर बंधनकारक होत नाही. म्हणजे नुसत्या ताब्याने आणि भरलेल्या पैशाने त्या दांपत्याचा हक्क फिल्कोविरुद्ध सिद्ध होत नव्हता. फिल्कोला आधीच्या विक्रीची खरोखर कल्पना होती का, एवढा प्रश्न मात्र खालच्या न्यायालयाकडे परत गेला.

अस्सल आणि नक्कल, ताबा आणि नोंद यांचा हा झगडा वाचताना आम्हांस वि. का. राजवाडे यांची आठवण झाली. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी जुन्या घराण्यांच्या वाड्यांतून दप्तरे गोळा करण्यात हयात घालवली. बखर सांगते म्हणून घटना घडली असे मानण्यास त्यांची तयारी नसे. समकालीन कागद कुठे आहे, तो अस्सल आहे की मागाहून तयार केलेला, तो कोणाच्या दप्तरातून आला, हे त्यांचे पहिले प्रश्न. ओक्लाहोमा सिटीतील वकील जुन्या विमानाविषयी विचारतो ते प्रश्न याच जातीचे आहेत. फरक इतकाच की त्याच्या उत्तरावर कोट्यवधी डॉलर अवलंबून असतात आणि राजवाड्यांच्या उत्तरावर एका समाजाची स्वतःविषयीची समजूत अवलंबून होती.

फिल्कोच्या खटल्यात न्यायालयापुढे शेवटी उरला तो प्रश्न मनातला होता: घेणाऱ्याला ठाऊक होते का? पुढच्या काळाने हा प्रश्नच बाजूला सारला. १६ नोव्हेंबर २००१ रोजी केपटाऊन येथे झालेला आंतरराष्ट्रीय करार आणि त्याचा विमानांविषयीचा मसुदा १ मार्च २००६ पासून अमलात आला. पायलटसकट किमान आठ माणसे नेऊ शकणारी विमाने आणि त्यांची इंजिने यांवरील हक्कांची नोंद आता आयर्लंडमधून चालवल्या जाणाऱ्या एका संगणकीय नोंदवहीत होते. ती कधीही, कुठूनही पाहता येते. आधी नोंदवील त्याचा हक्क वरचढ, मग नंतरच्याला किंवा आधीच्याला काय ठाऊक होते याची चौकशी नाही. भारत २००८ साली या करारात सामील झाला; पण २०२३ मध्ये गो फर्स्ट ही विमानकंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा भाड्याने दिलेली विमाने परत मिळवताना मालकांची दमछाक झाली. त्यानंतर २०२५ साली संसदेने या कराराला देशी कायद्याचे बळ देणारा स्वतंत्र अधिनियम संमत केला. नीतीचा प्रश्न नोंदीच्या वेळेत रूपांतरित झाला, हे आधुनिक व्यवहाराचे वैशिष्ट्य चांगले की वाईट, यावर मतभेद संभवतात. व्यवहार सुरळीत झाला, हे खरे. जाणूनबुजून दुसऱ्याचा हक्क डावलणाऱ्यासही अशी यंत्रणा संरक्षण देऊ शकते, हेही खरे.

मालकीचे कागद झाले की दुसरे कागद येतात. ती लॉगबुके. विमानाच्या सांगाड्याचे वेगळे, प्रत्येक इंजिनाचे वेगळे. किती तास उडाले, किती वेळा उडून उतरले, कोणता भाग कधी बदलला, कोणी तपासला, कोणाची सही. काही भागांचे आयुष्य आधीच ठरलेले असते. इंजिनातील एखादी फिरती चकती इतके फेरे झाले की दिसायला नवी असली तरी काढून टाकायची. अशा भागाचा हिशेब जन्मापासून सलग हवा. मधली दोन वर्षे गाळलेली असतील, तर तो भाग किती फिरला हे कोणी सांगू शकत नाही आणि मग तो बहुधा निकामीच धरला जातो. धातू तोच, ताकद तीच. चरित्र हरवले म्हणून मोल शून्य.

हस्तलिखितातील गळलेल्या पानांशी आमचा संबंध येतो तो असाच. पण पाठचिकित्सक इतर प्रतींच्या साहाय्याने तर्क करू शकतो. विमानाच्या बाबतीत तर्काला परवानगी नाही. पूर्वखरेदी तपासणीत विमान एखाद्या कार्यशाळेत उघडले जाते, इंजिनाच्या पोटात बोअरस्कोप घालून पाती पाहिली जातात, गंज शोधला जातो, एक चाचणी उड्डाण होते. त्याच वेळी दुसऱ्या खोलीत एक माणूस लॉगबुकांच्या ढिगात बसलेला असतो. त्याला पाठभेद शोधायचे असतात: दुरुस्तीच्या पावतीवर एक तारीख आणि वहीत दुसरी, शेपटीवरच्या रंगाखाली जोडकामाची खूण पण वहीत अपघाताची नोंद नाही. मग दोषांची यादी होते. उड्डाणयोग्यतेला बाध आणणारे दोष सर्वसाधारणपणे विकणाऱ्याने दूर करायचे. सोफ्याचे कापड विटले असेल तर त्यावर घासाघीस. पुढे स्वीकृतीपत्रावर सही झाली की विसार परत मिळत नाही. चॅलेंजर-३०० सारख्या विमानाची ९६ महिन्यांनी येणारी मोठी तपासणी तोंडावर आली आहे की नुकतीच उरकली आहे आणि इंजिने तासागणिक पैसे भरून घेतलेल्या देखभाल योजनेत आहेत की नाहीत, यावर एकाच वर्षी बनलेल्या दोन जुळ्या विमानांच्या किमतीत मोठे अंतर पडू शकते.

आता हॉकरची कथा सांगतो. सारे कागद पूर्ण असूनही विमान अनाथ होऊ शकते, हे तिच्यावरून कळते.

डी हॅविलंड-१२५ चे घराणे हातोहाती फिरत १९९३ साली ब्रिटिश एरोस्पेसकडून रेथिऑनकडे आले आणि विचिटाच्या बीच कंपनीत नांदू लागले. १९९६ साली रेथिऑनने हॉकर होरायझनची घोषणा केली. त्याचे धड धातूच्या पत्र्यांचे न करता कार्बन फायबर आणि मधपोळ्यासारखा गाभा यांचे करायचे होते. पंख जपानच्या फुजी कंपनीत बनायचे होते. हलके, मजबूत, आतून ऐसपैस असे हे विमान आपल्या काळाच्या पुढे होते, असे त्याचे चाहते आजही म्हणतात. पण काळाच्या पुढे असण्याची किंमत उशिराने मोजावी लागली. पहिले उड्डाण २००१ मध्ये, पूर्ण प्रमाणपत्र २००६ च्या अखेरीस, पहिल्या ग्राहकाच्या हाती विमान २००८ साली. तोवर नाव हॉकर-४००० झाले होते. मधल्या काळात, २००७ मध्ये, रेथिऑनने हा सारा विमानव्यवसाय गोल्डमन सॅक्स आणि ओनेक्स या गुंतवणूकदारांना ३३० कोटी डॉलरला विकला होता, तोही बहुतांशी कर्जाच्या आधाराने. पहिले विमान ग्राहकाला मिळाले त्याच वर्षी मंदी आली.

मे २०१२ मध्ये हॉकर बीचक्राफ्ट दिवाळखोरीत गेली. एका चिनी कंपनीला सुमारे १७९ कोटी डॉलरला विकण्याची बोलणी फिसकटली. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनी बीचक्राफ्ट या नावाने बाहेर पडली ती जेट विमाने बांधणे सोडूनच. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत हॉकर-४००० च्या वॉरंटीची बांधिलकी मोडीत निघाली. दोन कोटी डॉलरहून अधिक मोजून नवे विमान घेतलेल्यांच्या हातात राहिले ते ज्याचा निर्माता त्याला आपले म्हणायला तयार नाही असे यंत्र. एकूण विमाने बांधली गेली होती पाऊणशेच्या आसपास. एवढ्या थोड्या संख्येसाठी सुटे भाग कोण बनवणार, वैमानिकांना कोण शिकवणार? २०१४ साली टेक्स्ट्रॉनने बीचक्राफ्ट घेतली आणि सेसनासह एका छत्राखाली आणली; सुट्या भागांचा व दुरुस्तीचा आधार तिथून मिळत राहिला. पण जुन्या बाजारातील किंमत समवयस्क चॅलेंजरच्या मानाने फार खाली गेली, ती वर आली नाही.

या विमानात वाईट काय होते? उडण्याच्या दृष्टीने फारसे काही नाही. वही पूर्ण, मालकी निर्वेध, यंत्र ठणठणीत. तुटली होती ती भविष्याची बाजू. जुन्या वस्तूचे मोल तिच्या भूतकाळाच्या नोंदीवर ठरते, असे आम्ही वर म्हटले. हॉकरने त्यात भर घातली. ती नोंद पुढे चालवणारे कोणी असावे लागते. ज्याची परंपरा खंडित झाली, ते विमान घेणारा एका अर्थी शेवटचा वाचक ठरतो. स्वस्त म्हणून हॉकर घेणारेही आहेत आणि ते मूर्ख नव्हेत. कमी किमतीत चांगले यंत्र मिळते, मात्र आपण ते पुढे कोणाला देऊ शकू याची शाश्वती मिळत नाही, हे ते जाणून घेतात.

इथे आम्हांस स्वतःच्या घरातले एक शल्य सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून जीर्ण पुस्तके वजनावर विकली गेली. आम्ही त्याच महाविद्यालयात शिकलो. रद्दीच्या दुकानात पोचलेल्या गठ्ठ्यांतून आम्ही एकोणिसाव्या शतकातील एक मराठी व्याकरणाचे पुस्तक सोडवून आणले. त्याच्या समासात कोणीतरी बारीक, सुबक मोडीत टिपणे केली आहेत; काही ठिकाणी ग्रंथकाराशी वाद घातला आहे. पहिल्या पानावर शिक्का आहे आणि दाखल क्रमांक आहे. तो क्रमांक घेऊन आम्ही ग्रंथालयात गेलो, तेव्हा कळले की जुन्या दाखल नोंदवह्याही त्याच गठ्ठ्यांबरोबर गेल्या. ती वही असती तर हे पुस्तक कोणी, केव्हा दिले, हे एका ओळीत कळले असते आणि तो वाद घालणारा कोण होता याचा माग लागला असता. आता तो कायमचा निनावी आहे. पुस्तक आमच्या कपाटात सुखरूप आहे. लॉगबुक हरवले आहे.

विमानाच्या एका चकतीचा हिशेब जन्मापासून ठेवायला जग तयार असते, कारण ती तुटली तर माणसे मरतात आणि न तुटताही पैसे बुडतात. पुस्तकाची नोंदवही हरवल्याने कोणी मरत नाही. म्हणूनच ती सांभाळणे हे कोणा कायद्याचे काम राहिलेले नाही. ते आपले, म्हणजे मराठी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचे काम आहे. आपण ते नीट केलेले नाही, ही आमची कबुली. अक्षर लहान करून ती छापावी असे आम्हांस वाटत नाही.

राहता राहिला तो शब्द. 'प्री-ओन्ड' हा शब्द जुनेपणा लपवण्यासाठी अमेरिकन मोटारविक्रेत्यांनी रुळवला. जणू वस्तू वापरली गेलीच नाही, तिला फक्त आधी एक मालक होता. गंमत अशी की विमानाच्या बाबतीत तो शब्द नकळत खरे बोलतो. तिथे आधीचा मालक कोण, त्याच्या आधीचा कोण, हे विचारल्याखेरीज पाऊल पुढे पडत नाही. तरीही मराठी करताना आम्ही अखेर मागच्या बाकाचे ऐकले. मोटारसायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याच्या जाहिरातींत आपल्याकडे छापतात तेच शब्द आम्ही फळ्यावर लिहिले: 'जुने. कागदपत्रे पूर्ण.'

पुढल्या तासाला प्रत्येकाने घरातील एक जुने पुस्तक आणावे आणि ते घरात कोणाकडून, केव्हा आले ते पहिल्या पानावर लिहावे, असे आम्ही सांगितले आहे. तारीख आणि सहीसह.